तीन मुठींचा टीव्ही

शनिवारची संध्याकाळ. पनवेलमधल्या कुठल्याही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डोकावा, एक जोडपं हमखास दिसणार. वय पंचवीस ते पस्तीस. त्याच्या पाठीला अजून ऑफिसची सॅक, तिच्या हातात नव्या फ्लॅटच्या चाव्या. समोर भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर तोच निळाशार समुद्र आणि तेच लालभडक पोपट. सेल्समन अगदी घरच्यासारखा बोलतोय. "सर, हप्त्यात थोडाच फरक पडतोय. पंचावन्नऐवजी पासष्टच घेऊन टाका. टीव्ही काय आपण रोज रोज घेतो का?"

तो तिच्याकडे बघतो. ती विचारते, "भिंतीवर बसेल ना रे?"

"मॅडम, भिंतीवर तर आरामात बसतो!" सेल्समन.

आणि इथेच सगळा घोळ होतो, मंडळी. कारण प्रश्नच चुकीचा विचारला गेलाय. भिंतीवर टीव्ही बसतो की नाही, याला फारसा अर्थ नाही. त्याच्यासमोर माणसं नीट बसतात की नाही, हे बघायचं असतं. मागच्या खेपेला आपण खिडकीच्या पडद्यांबद्दल बोललो. या आठवड्यात दुसरा पडदा. घराच्या कर्जानंतर आणि फ्रिजच्या आसपास जो खर्च येतो, ज्यावरून नव्या घरातलं पहिलं भांडण होतं आणि जो पुढची सात-आठ वर्षं हॉलमध्ये ठाण मांडून बसतो, तो.

दुकानातला टीव्ही, घरातला टीव्ही

दुकानात सगळेच टीव्ही लहान वाटतात. कारण सोपं आहे. छत उंच, हॉल चाळीस फुटी आणि शेजारी पंचाऐंशी इंचांचं धूड लावलेलं. त्याच्या बाजूला पंचावन्न इंची म्हणजे सहा फुटी माणसाशेजारी शाळकरी पोरगं. त्यात दुकानातला उजेड ट्यूबलाइटचा, झगमगीत. त्यात उठून दिसावं म्हणून प्रत्येक टीव्हीचा ब्राइटनेस फुल्ल करून ठेवलेला असतो. तोच टीव्ही घरी आणून रात्री दिवे मालवून बघा, डोळ्यांना झिणझिण्या येतात.

आणखी एक गंमत. दुकानात आपण टीव्ही उभ्यानं बघतो, तेही चार-पाच फुटांवरून. घरी आपण बसून बघतो, लोळून बघतो, ताट मांडीवर घेऊन बघतो. म्हणजे ज्या जागेवरून टीव्ही बघायचा, ती जागाच दुकानात नसते. ती फक्त तुमच्या घरात आहे. म्हणून टीव्हीची साइज घरी ठरवायची आणि दुकानात फक्त विकत घ्यायची. दुकानात जाऊन ठरवायला गेलात की तुमच्या वतीनं दुसरंच कोणीतरी ठरवतं.

इंचांचं त्रांगडं

आधी थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या आतलंच आहे.

टीव्हीचे इंच म्हणजे त्याची रुंदी नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेषा, म्हणजे कर्ण. आजचे जवळपास सगळे टीव्ही १६:९ या प्रमाणात असतात. त्यामुळे ४३ इंची टीव्हीचा पडदा रुंदीला साधारण साडेसदतीस इंच आणि उंचीला २१ इंच भरतो. ५५ इंची म्हणजे जेमतेम ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. ६५ इंची म्हणजे पावणेसत्तावन्न इंच रुंद, ३२ इंच उंच. खोक्यावर हे आकडे सेंटिमीटरमध्ये छापलेले असतात. ४३ इंचीवर १०८ सें.मी. आणि ५५ इंचीवर १३९ सें.मी. दिसलं तर गोंधळू नका. ते सेंटिमीटरही कर्णाचेच.

आता खरी गोम. ४३ वरून ५५ म्हणजे फक्त बारा इंच जास्त, असं वाटतं ना? पण कर्ण वाढला की रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात. ४३ इंचीपेक्षा ५५ इंचीचा पडदा क्षेत्रफळानं दीडपटीहून मोठा असतो. ५५ वरून ६५ वर गेलात, तर आणखी चाळीस टक्के. "थोडासाच मोठा" हा शब्दप्रयोग टीव्हीच्या बाबतीत चालत नाही.

आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे गणित वेगळ्या तऱ्हेनं चावलं होतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये. नंतर कितीतरी वर्षं मध्यमवर्गीय घराची मजल २१ इंचांपर्यंत आणि ज्यांची चलती होती त्यांची २९ पर्यंत. ते सगळे टीव्ही ४:३, म्हणजे चौकोनाच्या जवळ जाणारे. मग एलसीडी आले, आणि २९ इंची डबा देऊन ३२ इंची सपाट टीव्ही घरी आणणारे बुचकळ्यात पडले. इंच वाढले, पण बातम्या देणारी बाई लहान कशी झाली? उत्तर उंचीत होतं. जुन्या २९ इंचीचा पडदा साडेसतरा इंचांच्या आसपास उंच, नव्या ३२ इंचीचा पावणेसोळाच. मग ती कसर भरून काढायला चित्र आडवं ताणायचं, आणि सगळे कलाकार एका रात्रीत गुबगुबीत!

३२ चा आकडा आपल्याकडे आणखी एका कारणानं महत्त्वाचा होता. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर २८ टक्के, अशी रेघ बरीच वर्षं होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींवरचा करही १८ टक्क्यांवर आला. म्हणजे कराचा तो उंबरठा गेला आणि मोठा टीव्ही घेण्याचा मोह वाढला. मोह वाढतो तेव्हाच टेप हातात घ्यायची असते.

भिंत नको, नजर मोजा

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. पळस्पे फाट्यापासून गोवा हायवेला लागलं की कर्नाळ्याच्या दिशेनं नवनव्या इमारती दिसतात. तुमच्यापैकी किती जणांनी या पट्ट्यात बुकिंग केलंय, हे तुमच्या पत्रांवरून आम्हाला ठाऊक आहे. आणि ब्रोशरमधला '१० बाय १४ हॉल' हा आकडाही तुम्हाला तोंडपाठ असतो.

तो आकडा टीव्हीसाठी वापरू नका. एक तर रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंतींची जागासुद्धा धरलेली असते. त्यामुळे कागदावरची जागा आणि पाय ठेवायची जागा यात फरक पडतो. आणि दुसरं म्हणजे, तुमचे डोळे मागच्या भिंतीला चिकटलेले नसतात.

हिशेब करून बघा. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर दहा फूट. सोफा भिंतीपासून दोन-चार इंच पुढे, वर त्याची पाठ जाडजूड. तुम्ही टेकून बसलात तरी डोकं मागच्या भिंतीपासून दीड-पावणेदोन फूट पुढे येतं. समोर टीव्ही भिंतीवर टांगला, तर चार-सहा इंच तो खातो. कपाटावर ठेवला, तर फूटभर. उरलं काय? साडेसात ते आठ फूट. दहाचे आठ झाले, आणि आठ फुटांसाठीचा टीव्ही दहा फुटांसाठीच्या टीव्हीपेक्षा वेगळा असतो.

तेव्हा सोफ्यावर आपण रोज बसतो तसं बसा. ताठ बसू नका, इंटरव्ह्यू नाहीये. टेपचं एक टोक डोळ्याच्या कडेशी धरा, दुसरं टोक घरातल्या कोणाला तरी टीव्हीच्या जागेपर्यंत न्यायला सांगा. जो आकडा येईल तो खरा. सोफा अजून आला नसेल तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा, पण बसा.

कर्नाळ्याचा अंगठा आणि तुमची मूठ

टेप सापडत नाही? हरकत नाही, देवानं मापं हातातच दिली आहेत. आपल्या आज्या अंगुळ, मूठ, वीत, हात यांवरच संसार मोजायच्या.

पनवेलच्या एखाद्या उंच गच्चीवरून निरभ्र दिवशी दक्षिणेला बघा. डोंगरांच्या रांगेत आकाशाकडे बोट दाखवल्यासारखा एक सुळका दिसतो. तो कर्नाळा किल्ल्याचा, अंगठ्याच्या आकाराचा. आता तुमचा हात सरळ लांब करा, एक डोळा मिटा आणि स्वतःचा अंगठा त्या सुळक्यावर धरा. शंभर फुटांहून उंच असलेला अख्खा कातळ तुमच्या नखाआड गडप! कारण तो दहा-बारा किलोमीटरवर आहे. तोच सुळका किल्ल्यावर चढून पायथ्याशी उभं राहून बघितलात, तर मान मागे टाकूनही पुरा नजरेत मावत नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे रविवारी सकाळी दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्यांना हे छान कळतं. आठपट दुर्बिणीतून ऐंशी मीटरवरचा स्वर्गीय नर्तक दहा मीटरवर बसल्यासारखा दिसतो. पक्षी तेवढाच असतो, नजरेला तो जवळ आलेला असतो. टीव्हीचंही अगदी हेच. मोठा टीव्ही लांबून आणि लहान टीव्ही जवळून, डोळ्याला सारखेच. साइज एकटी कधीच नसते, तिच्याबरोबर अंतर येतंच.

म्हणून ही युक्ती लक्षात ठेवा. हात पूर्ण लांब केला की अंगठ्याची रुंदी डोळ्याला साधारण दोन अंशांची वाटते. आवळलेली मूठ साधारण दहा अंशांची. उंच माणसाचा हात लांब असतो पण मूठही मोठी असते, त्यामुळे हे माप जवळपास सगळ्यांना लागू पडतं. टीव्हीच्या तज्ज्ञांमध्ये प्रचलित असलेला हिशेब असा : आरामात बघायला पडदा ३० अंशांचा हवा आणि थिएटरसारखा अनुभव हवा असेल तर ४० अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्या भाषेत तीन मुठी आणि चार मुठी. सोफ्यावर बसा, डावी मूठ, तिला लागून उजवी, परत डावी. तीन मुठींत भिंतीचा जेवढा भाग झाकला, तेवढा तुमचा टीव्ही.

ज्यांना मुठीवर भरवसा नाही, त्यांच्यासाठी आकडे. डोळा ते पडदा ६ फूट असेल तर ४३ इंची म्हणजे बरोब्बर तीन मुठी. ७ फूट असेल तर ५० इंची. ८ फूट असेल तर ५५. ९ फूट असेल तर ६५. आणि पूर्ण १० फूट असेल तरच ७५. सूत्र हवं असेल तर इंचांतल्या अंतराला १.६ नं भागा. क्रिकेट, सिनेमा, गेमिंग यांचे जे कट्टर भक्त आहेत, त्यांनी यापेक्षा एक पायरी वर जायला काहीच हरकत नाही. दोन पायऱ्या वर गेलात, तर मात्र मॅच बघताना स्कोअर वाचायला मान वळवावी लागेल.

आणि हो, "जवळून टीव्ही बघितलास तर डोळे जातील" ही आईची धमकी. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं होतं आणि ते परत मागवले गेले होते. आजच्या सपाट टीव्हीत ती जुनी काचेची नळीच नाही, त्यामुळे ती भीतीही नाही. डोळे शिणतात, कोरडे पडतात, ते मात्र खरं, कारण एकटक बघताना आपण पापण्या कमी मिटतो. उपाय फुकटातला आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा. बाल्कनीतून डोंगर दिसत असेल तर सोन्याहून पिवळं.

फोर-के आणि बाबांच्या बातम्या

सेल्समनचा दुसरा लाडका शब्द म्हणजे फोर-के. आता ४३ इंचांच्या वर बहुतेक टीव्ही फोर-केच असतात, तेव्हा त्यासाठी वेगळं झुरायला नको. पण आपण ते फोर-के बघू शकतो का, हेही अंतरावरच ठरतं. चांगली नजर असलेल्या माणसालाही ५५ इंची पडद्यावर सात फुटांच्या पलीकडून फुल एचडी आणि फोर-के यांतले बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. ६५ इंचीला हे अंतर साडेआठ फूट, ४३ इंचीला साडेपाच फूट. म्हणजे आठ फुटांवरून ४३ इंची बघणाऱ्याला ठिपक्यांचा फायदा शून्य. रंग आणि उजेड चांगले असतील, तर ते मात्र दिसतात. एट-केचं नाव कोणी काढलं तर गोड हसून पुढे सरका.

उलटी बाजू जास्त महत्त्वाची, कारण ती घरातल्या मोठ्यांना सोसावी लागते. आपण ओटीटीवर चकाचक वेब सिरीज बघतो. पण आई-बाबा? त्यांच्या पॅकमध्ये साधे, म्हणजे एसडी चॅनल. डीडी फ्री डिशवरही बहुतेक चॅनल एसडीच. त्या चित्रात आडव्या रेषा अवघ्या ५७६. तेच चित्र ५५ इंचांवर ताणलं, तर ते चांगलं दिसायला तेरा फूट लांब बसायला हवं. १ बीएचकेमध्ये तेरा फूट लांब म्हणजे जिन्यात! मग टीव्ही नवा, महागडा, आणि आई म्हणते, "जुन्यात जास्त स्वच्छ दिसायचं गं." ती खोटं बोलत नसते, नव्या टीव्हीला नावंही ठेवत नसते. तिला खरंच धूसर दिसत असतं. मोठा टीव्ही घेणार असाल तर तिच्या आवडीचे चार चॅनल एचडीमध्ये घेऊन द्या. टीव्हीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

मान वाचवा

आपल्याकडे टीव्ही फार उंच टांगतात. गावाकडच्या हॉटेलात कोपऱ्यात, छताखाली टीव्ही असायचा, तो उभ्या गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. घरात तशी गरज नाही. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली यायला हवा. साध्या सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. म्हणजे ५५ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर हवी. भारतीय बैठक, गादी-तक्क्या असेल तर आणखी फूटभर खाली. इन्स्टॉलेशनवाला मुलगा घाईत असतो, "सगळीकडे एवढ्याच हाइटला लावतो" म्हणतो. त्याला चहा द्या, सोफ्यावर बसवा आणि मग ड्रिल चालू करायला सांगा.

भिंतही बघून घ्या. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लग आणि स्क्रू तग धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मागून घ्या. समोर मोठी खिडकी असेल तर दुपारी पडद्यावर टीव्हीऐवजी तुमचीच बाल्कनी दिसेल, तेव्हा खिडकीशी काटकोनातली भिंत उत्तम. आणि खोकं लिफ्टमध्ये उभं मावतं का, हे वॉचमनला आधीच विचारून ठेवा. मोठे टीव्ही आडवे झोपवून नेलेले चालत नाहीत.

पण हॉल कोणाचा?

एवढी सगळी मापं सांगितली, तरी एक गोष्ट टेपनं मोजता येत नाही. त्यासाठी एका घराची गोष्ट सांगते. नाव नको, पण तुम्ही ओळखाल, कारण अशी घरं तुमच्याही इमारतीत असतील.

पळस्प्याजवळ सातव्या मजल्यावरचा १ बीएचके. नवरा-बायको दोघंही नोकरीला, तो ऐरोलीत, ती बेलापूरला. त्याचे आई-बाबा लालबागची चाळीतली खोली सोडून इकडे आलेले. बेडरूम धाकट्यांची. हॉलमध्ये सोफा, आणि खिडकीखाली दिवाण, तो आई-बाबांचा. म्हणजे दिवसा हॉल, रात्री त्यांची झोपायची खोली.

त्याला ६५ इंची हवा होता. ऑफिसात सगळ्यांनी घेतला होता, आणि लहानपणी कपाटावरच्या चौदा इंची पोर्टेबलवर मॅच बघताना त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं असणार. तिला ४३ पुरे वाटत होता, कारण त्याच भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ हवं होतं. दोन रविवार यावरच गेले. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्हाला हवा तेवढा मोठा घ्या रे. फक्त खालची बातम्यांची पट्टी वाचता आली म्हणजे झालं." आईंना विचारलं नाही. त्या स्वयंपाकघरात होत्या.

शेवटी तिनं डोकं चालवलं. रद्दीतले पेपर घेतले, चिकटपट्टीनं जोडले आणि ६५ इंचीच्या मापाचा कागद कापून भिंतीवर लावला. त्याच्या आत स्केचपेननं ५५ आणि ४३ चे चौकोन आखले. कागद तीन दिवस तसाच राहिला.

पहिल्याच सकाळी उत्तर मिळालं. आईंचा देव्हारा त्याच भिंतीवर होता. ६५ चा कागद देव्हाऱ्याच्या कडेला येऊन टेकला होता, आणि आई त्या अडचणीतच कागद न दुमडता, हात वाकडा करून निरांजन लावत होत्या. चकार शब्द बोलल्या नव्हत्या. सांगितलं असतं तर "देव्हारा दुसरीकडे लावू की" हे उत्तर त्यांना माहीत होतं.

दुसरी गोष्ट दिवाणावर कळली. तो तिथे पडून बघायला गेला तेव्हा लक्षात आलं, बाबांना टीव्ही समोरून दिसणारच नाही, तिरका दिसेल. काही टीव्हींचे रंग बाजूनं बघितले की फिके पडतात. व्हीए पॅनलचे जास्त, आयपीएसचे कमी. आणि तिसरी गोष्ट कोणी बोललं नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. जुन्या टीव्हीवर रात्री साडेअकरापर्यंत मॅच चालायची, तेव्हा बाबा दिवाणावर भिंतीला टेकून बसून असायचे. "बघा रे बघा, आम्हाला कुठे एवढ्या लवकर झोप येते?" त्यांना झोप यायची. पहाटे पाचला उठायची सवय होती त्यांना. साठ-पासष्ट इंचांचा उजेड तोंडावर घेऊन ते आणखी किती रात्री असंच म्हणत राहिले असते, कोण जाणे.

शेवटी टीव्ही आला ५५ इंची. सोफा आठ फुटांवर होता, म्हणजे मापातही चपखल. आयपीएस पॅनलचा, आणि दिवाणाकडे वळवता येईल अशा फिरत्या ब्रॅकेटवर. ६५ चे जे पैसे वाचले त्यातून दोन ब्लूटूथ हेडफोन आले आणि दहानंतर मॅच बेडरूममध्ये लॅपटॉपवर, असा करार झाला. देव्हारा होता तिथेच आहे. शेल्फ दुसऱ्या भिंतीवर गेलं. बातम्यांची पट्टी दिवाणावरून नीट वाचता येते. इतकंच नाही, आता बाबा ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, ही नवी पंचाईत!

आपल्याकडे १ बीएचकेमधला हॉल हा नुसता हॉल नसतो. तो कोणाची तरी झोपायची खोली, कोणाची अभ्यासाची जागा, कोणाचं देवघर असतो. टीव्ही त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सारखाच लटकतो. एकेकाळी ओनिडाच्या जाहिरातीतला शिंगवाला सैतान शेजाऱ्याच्या हेव्यावर टीव्ही विकायचा. शेजारी काय, वास्तुशांतीच्या दिवशी एकदा येऊन "वा, मोठा आहे हं!" म्हणून जातो. त्यानंतर रोज त्याच्यासमोर बसणार ती घरातली चार माणसं.

तेव्हा दुकानात जायच्या आधी एवढं करा :

* प्रत्येकाच्या रोजच्या जागेवर बसून डोळा ते पडदा हे अंतर मोजा. सगळ्यात जास्त वेळ जो बघतो, त्याचं अंतर धरा.
* तीन मुठी लावून बघा. सिनेमावेडे असाल तर चार.
* त्या मापाचा कागद भिंतीवर लावा आणि निदान दोन दिवस, एक रात्र धरून, तसाच ठेवा.
* घरात जे काहीच बोलले नाहीत, त्यांना स्वतंत्रपणे विचारा. स्वयंपाकघरात जाऊन विचारा.
* दुकानात चार पावलं बाजूला सरकून रंग फिके पडतात का बघा, आणि एखादा एसडी चॅनल लावून दाखवायला सांगा.
* ठरलेला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. "सर, थोडाच फरक पडतोय" हे ऐकू आलं की खिशावर हात ठेवा.

टीव्ही आला की कळवा. पुढच्या आठवड्यात : जेवायचं टेबल घ्यावं, की चटईच बरी?